नौसैनिकाची पंचाहत्तरी आणि प्रश्नांचा खेळ

घरातल्या निवृत्त नौसैनिकाच्या वाढदिवसाला त्यांच्याच आयुष्यावर प्रश्नमंजूषा कशी करावी, असे विचारणारी पत्रे गोव्यातल्या वाचकांकडून आली आहेत. या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : माझे वडील १५ वर्षे नौदलात होते. यंदा चवथीला सगळे गावी जमतील, तेव्हाच त्यांची पंचाहत्तरी साजरी करायची आहे. पंचवीसेक माणसे असतील. किती प्रश्न काढावेत आणि खेळवावे कसे? (वास्को)

उत्तर : प्रश्न काढण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. वडिलांना स्पर्धेत बसवायचे नाही, त्यांना पंच करायचे. त्यांना खेळायला लावले तर दोनपैकी एक होते. त्यांना सगळीच उत्तरे येतात आणि बाकीचे नुसते बघत बसतात, किंवा एखादे साल आठवत नाही आणि नातवंडांसमोर ते ओशाळतात. पंच केले की प्रत्येक उत्तरानंतर शेवटचा शब्द त्यांचा. उत्तर बरोबर की चूक हे ते सांगतील आणि त्याच ओघात त्यामागची हकिगतही सांगतील. खेळ खरा त्या हकिगतीसाठीच आहे.

पंचवीस माणसांचे पाच गट करा. प्रत्येक गटात एक लहान मूल, एक वडीलधारे आणि जमल्यास नौदलाच्या क्वार्टर्समध्ये दिवस काढलेले कोणीतरी हवे. बहीणभाऊ वाटून द्या. ती सगळी एका गटात गेली तर खेळ दहा मिनिटांत एकतर्फी होतो.

प्रश्न १८ घ्या आणि ६ राखीव ठेवा. प्रश्न वाचायला, गटाने कुजबुजायला आणि उत्तराला मिळून २ मिनिटे धरली तर १८ प्रश्नांची ३६ मिनिटे होतात. वडील मधे मधे बोलणारच, म्हणजे तासभर. त्यापुढे मुले उठतात आणि जेवण निवते. ९ प्रश्नांनंतर मध्यंतर ठेवा. साधारण ६ प्रश्न त्यांच्या स्वतःबद्दल, ६ त्यांच्या जहाजांबद्दल आणि ठाण्यांबद्दल, ४ जहाजावरच्या बोलीचे आणि २ गोवा व नौदल यांच्याबद्दल, अशी विभागणी बरी पडते. पहिले तीन प्रश्न मुद्दाम सोपे ठेवा.

प्रश्न कसा विचारता यावर बरेच अवलंबून असते. "बाबा नौदलात कधी भरती झाले?" याचे उत्तर एक आकडा, तो सांगितला की विषय संपला. तेच असे विचारा : "भरतीसाठी घर सोडले तेव्हा बाबांच्या हातात काय होते? वळकटी, पत्र्याची ट्रंक की कापडी पिशवी?" आता उत्तराबरोबर ती ट्रंक कोणी दिली, गाडीत कोणी बसवले, हे सगळे बाहेर येते. पर्याय तीनच द्या आणि तिन्ही पटण्यासारखे हवेत. एक पर्याय खुळा असला की उरतात दोनच.

गुण फळ्यावर लिहू नका, दोरावर मोजा. प्रत्येक गटाला ६ मिलिमीटर जाडीचा सुती दोर अडीच मीटर द्या आणि बरोबर उत्तराला आठाच्या आकाराची एक गाठ मारायला सांगा. एका गाठीत साधारण १२ सेंटिमीटर दोर जातो, मधे थोडे अंतर सोडले तरी दहा गाठी आरामात बसतात. नायलॉन घेऊ नका, गाठ सरकून सुटते आणि गुणांवरून वाद होतो. जहाजाचा वेग ज्या 'नॉट'मध्ये मोजतात तो शब्द अशाच गाठींवरून आला. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायची आणि वाळूच्या घड्याळात वाळू गळेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे. हाच एक प्रश्नही करता येईल. आज एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर.

गोव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे "बोटीवर होता" म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मालवाहू किंवा प्रवासी जहाजावरचा तारवटी येतो. प्रश्न तयार करायला बसलेल्या भाच्या-पुतण्यांना नौदल आणि मर्चंट नेव्ही यांतला फरक आधी सांगा. नाहीतर बंदरोबंदरीच्या खरेदीचे आणि कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टचे प्रश्न निघतात. नौसैनिकाला ते परके वाटतात, आणि ते बोलून दाखवणेही अवघड जाते.

प्रश्न : मामा 'म्हैसूर'वर होते एवढेच ठाऊक आहे. शोध घेतला तर भलतेच आधुनिक जहाज दिसते. ते स्वतः फारसे बोलत नाहीत आणि कागदपत्रेही सापडत नाहीत. खरी माहिती कशी मिळवावी? (म्हापसा)

उत्तर : तुम्हाला दिसलेले जहाज दुसरे 'म्हैसूर' आहे. नौदल जुन्या जहाजांची नावे नव्यांना देते आणि घरगुती प्रश्नमंजूषेत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहिले 'म्हैसूर' ही क्रूझर, म्हणजे तोफांची मोठी युद्धनौका. ब्रिटिशांचे 'नायजेरिया' हे जहाज १९५७ मध्ये 'म्हैसूर' होऊन आपल्याकडे आले आणि १९८५ पर्यंत सेवेत राहिले. १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईतही ते होते. दुसरे 'म्हैसूर' ही विनाशिका (डिस्ट्रॉयर), १९९९ मध्ये दाखल झाली. 'दिल्ली'चेही तसेच. पहिली १९४८ ते १९७८, दुसरी १९९७ पासून. 'विक्रांत' पहिली १९६१ ते १९९७ आणि नवी २ सप्टेंबर २०२२ पासून. म्हणून प्रश्नाच्या प्रत्येक पत्त्यावर (कार्डावर) जहाजाच्या नावापुढे मामांची त्या जहाजावरची वर्षे लिहा. तेवढ्याने निम्म्या चुका टळतात.

मग जुने फोटो काढा. जहाजाच्या बाजूला रंगवलेला क्रमांक दिसतो का ते बघा. जुन्या 'म्हैसूर'वर सी ६०, नव्यावर डी ६०. सी म्हणजे क्रूझर, डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट ही विनाशिकेहून लहान युद्धनौका, आर म्हणजे विमानवाहू. जुनी आणि नवी 'विक्रांत' दोन्ही आर ११ आहेत, तिथे मात्र क्रमांक कामाला येत नाही, फोटोचे साल बघावे लागते.

फोटोंनंतर पदके. बहुतेक पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. भिंग घेऊन वाचा, पण पॉलिशने घासू नका, अक्षरे झिजतात. पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार असेल तर १९७१ च्या युद्धात ते कोणत्या आघाडीवर होते ते कळते. ९ आणि २० वर्षांच्या सेवेची पदके वेगळी असतात, त्यावरून सेवा किती झाली याचा अंदाज येतो. पेन्शनच्या कागदावर निवृत्तीची तारीख आणि हुद्दा मिळेल. तो कागद बहुधा मामींच्या ताब्यात असतो, आधी त्यांनाच विचारा.

प्रशिक्षणाच्या ठिकाणावरून मामांची शाखा ओळखता येते. लोणावळ्याचे 'शिवाजी' म्हणजे इंजिनाचे काम, जामनगरचे 'वलसुरा' म्हणजे विजेचे. नव्या भरतीला शिकवणारे ओडिशातले 'चिल्का' १९८० मध्ये सुरू झाले. मामा त्याआधी भरती झाले असतील तर "चिल्काला कसे दिवस गेले?" हा प्रश्न चुकीचा ठरेल, मग तो कितीही आजच्या नौसैनिकांच्या तोंडी असो.

किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही नौदलात 'आयएनएस', म्हणजे भारतीय नौदलाचे जहाज, म्हणतात. यावर एक छान प्रश्न होतो : "यांतले कोणते 'जहाज' कधीच पाण्यावर तरंगले नाही? मुरगाव, हंसा की विक्रांत?" उत्तर 'हंसा'. ते दाबोळीचे नौदल हवाई ठाणे. वेरेचे 'मांडवी'ही जमिनीवरच आहे. आणि 'मुरगाव' खरीखुरी विनाशिका, १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात आली.

नौदलाच्या ध्वजाचा प्रश्न घालणार असाल तर साल लिहिल्याशिवाय घालू नका. १९५० पासून ध्वजावर तांबडा क्रॉस होता. २००१ मध्ये तो काढला, २००४ मध्ये परत आला आणि २०२२ मध्ये कायमचा गेला. आज त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आहे. मामांनी सलाम केला तो ध्वज क्रॉसचा. नातवाने शाळेत पाहिला तो अष्टकोनाचा. उत्तरे दोन्ही बरोबर आणि भांडण विनाकारण.

राहिले मामांचे न बोलणे. "तुमच्या आठवणी सांगा" असे म्हटले तर बरीच माणसे गप्प होतात. त्याऐवजी मुद्दाम नेमके काही विचारा : जहाजावर झोपायचे कुठे, सकाळी पहिले काय मिळायचे, पगार घरी कसा पाठवायचे. रोज एकच प्रश्न, चहाच्या वेळी. पंधरा दिवसांत १८ प्रश्नांपुरते साहित्य जमते आणि त्यांना सुगावाही लागत नाही.

प्रश्न : सासरे १९७१ च्या युद्धात होते. त्यावर प्रश्न ठेवावेत का? (फोंडा)

उत्तर : ठेवा, पण आधी त्यांना एकटे गाठून विचारा. "ठेवला तर चालेल का?" एवढेच. चेहरा उतरला तर तिथेच थांबा.

चालणार असेल तर तथ्ये पक्की असू द्या. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला तो 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो त्यामुळेच. कराचीचा हल्ला 'विक्रांत'ने केला अशी बऱ्याच घरांत समजूत आहे. तेव्हा ती बंगालच्या उपसागरात होती आणि तिच्यावरची विमाने चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले करत होती. सासरे पूर्वेकडे असतील तर पश्चिमेचे प्रश्न कमी करा. दुसऱ्यांच्या पराक्रमाचे गुण आपल्या वाढदिवसाला वाटलेले कोणाला आवडत नाहीत.

'खुकरी' ही युद्धनौका मात्र प्रश्नांत आणू नका. ९ डिसेंबरला दीवजवळ ती बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्या वयाच्या नौसैनिकाचा एखादा बॅचमेट त्यात असण्याची शक्यता मोठी असते. ज्या आकड्यात त्याचा मित्र आहे त्यावर गाठ मारायला लावणे बरे नव्हे. सासऱ्यांची इच्छा असेल तर खेळाआधी समई लावून दोन मिनिटे शांत उभे राहा. खेळ वेगळा, हे वेगळे.

प्रश्न : नातवंडे ८ ते १२ वर्षांची आहेत. नौदलाचे काहीच माहीत नाही, बसून प्रश्न ऐकायचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी काय करावे? (पेडणे)

उत्तर : त्यांना घंटेचे काम द्या. जहाजावर दिवसाचे पहारे असतात. रात्री १२ पासून चार-चार तासांचे, फक्त संध्याकाळी ४ ते ६ आणि ६ ते ८ हे दोन-दोन तासांचे. त्यामुळे दिवसात सात पहारे होतात. विषम संख्या असल्याने रोज त्याच माणसांच्या वाट्याला मध्यरात्रीचा पहारा येत नाही. पहारा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाला एक टोल वाढत जातो आणि चार तासांनी आठ होतात. टोल जोडीने देतात : टण-टण, टण-टण, टण म्हणजे पाच.

मुलांना हा हिशेब एका पुठ्ठ्यावर लिहून द्या आणि प्रश्न विचारा : "पहाटेचा पहारा ४ ला सुरू झाला, पाच टोल पडले, किती वाजले?" साडेसहा. संध्याकाळी ६ ते ८ च्या पहाऱ्यात नेहमीचा हिशेब मोडतो. साडेसहाला एक, सातला दोन, साडेसातला तीन आणि आठला एकदम आठ. तुम्ही संध्याकाळी ७ ला आजोबांना ओवाळणार असाल तर मुलांनी दोनच टोल द्यायचे. इथे सहा टोल पडले तर आजोबा हटकून टोकतील. त्यांनी टोकले तर तेही छानच.

घंटा १० ते १२ सेंटिमीटर तोंडाची पितळी घ्या, देवळाच्या वस्तूंच्या दुकानात मिळते. लोलकाला वीतभर दोरी बांधा, जास्त लांब नको. लांब दोरीने लोलक परत येऊन दुसरा ठोका देतो आणि मोजणी चुकते. ठोका दिला की दोरी ताणून धरायची, हे मुलांना आदल्या दिवशी शिकवा.

दुसरे काम निशाणांचे. जहाजे इंग्रजी अक्षरांची रंगीत निशाणे लावून निरोप देतात. पिवळे निशाण क्यू, निळ्यात पांढरा चौकोन म्हणजे पी, तांबडे दुशेपटी बी, अर्धे पांढरे अर्धे निळे दुशेपटी ए. कार्डपेपरची १५ बाय २० सेंटिमीटरची निशाणे करून मुलांनी 'बाबा' हा शब्द लावायचा. इथे एक गंमत आहे. संचात प्रत्येक अक्षराचे निशाण एकेकच असते, मग दुसरा 'बी' आणायचा कुठून? त्यासाठी त्रिकोणी बदली निशाणे असतात. पहिले बदली निशाण सर्वांत वरचे अक्षर पुन्हा सांगते, दुसरे बदली निशाण वरून दुसरे. म्हणजे बी, ए, पहिले बदली, दुसरे बदली. दोन 'बी' कापून लावले तर कोणी अडवणार नाही, पण आजोबा सिग्नल शाखेतले असतील तर बदली निशाणे बघून त्यांचा चेहरा खुलेल. निशाणांचे अर्थ विचारायचे असतील तर पत्त्यावर "आंतरराष्ट्रीय संकेतावलीप्रमाणे" असे लिहा, कारण नौदलाच्या स्वतःच्या संकेतांत त्याच निशाणांचे अर्थ वेगळे असतात. 'पी' म्हणजे बंदरात : जहाज निघणार, सर्वांनी वर या. जेवणाच्या पानावर बोलवायला हेच निशाण लावा.

अगदी लहानांसाठी डाव्या मनगटाला तांबडी आणि उजव्याला हिरवी फीत बांधा. जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. "पोर्ट" म्हटले की डावा हात, "स्टारबोर्ड" म्हटले की उजवा.

प्रश्न : पत्ते घरी छापले तर शाई पसरते आणि वेलांट्या भलतीकडे जातात. (डिचोली)

उत्तर : वेलांट्या सरकतात त्या फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यामुळे. युनिकोड फाँटमध्ये टंकित करा आणि दुकानात पीडीएफच घेऊन जा. शाई पसरते ती इंकजेटची. आपल्या पावसाळी हवेत कागद आधीच दमट असतो, त्यामुळे लेझरवर छापून घ्या. कागद जाड, २५० ते ३०० जीएसएमचा. ए४ चे आठ तुकडे केले तर १०५ बाय ७४ मिलिमीटरचा पत्ता होतो. त्यावर १८ पॉइंटमध्ये प्रश्न आणि तीन पर्याय बसतात. त्याहून बारीक अक्षर वयस्कांना वाचवत नाही.

लॅमिनेशन करणार असाल तर चकचकीत नको, मॅट घ्या. चकचकीत पत्त्यावर ट्यूबलाइट चमकते. पत्ते आधी कापा आणि मग लॅमिनेट करा, भोवती ३ मिलिमीटर किनार ठेवा. अख्खा कागद लॅमिनेट करून मग कापला तर कडा उघड्या राहतात आणि दोन पावसांत पत्ता फुगतो.

उत्तरे मागच्या बाजूला छापू नका. कागद उलटला की डावीकडचे उजवीकडे जाते आणि तिसऱ्या प्रश्नामागे चौथ्याचे उत्तर येते. पत्त्यांना क्रमांक द्या, उत्तरे वेगळ्या कागदावर पंचांच्या हातात द्या.

प्रश्न : आजोबांना अलीकडे विसर पडतो. खेळ ठेवावा की नको? (वास्को)

उत्तर : ठेवा, पण आठवायला लावणारा नको, ओळखायला लावणारा ठेवा. "कोणत्या साली?" हा प्रश्न अशा माणसाला भिंतीसारखा लागतो. तेच तीन फोटो पुढे ठेवून "यातले तुमचे जहाज कोणते?" विचारले तर हात आपोआप योग्य फोटोकडे जातो. फोटो ए४ एवढे मोठे करा, एका वेळी तीनच. वस्तूही चालतात : पांढरी टोपी, कमरेचा पट्टा, दोराचा तुकडा. जाड सुती दोर, १० ते १२ मिलिमीटरचा आणि दीड मीटर लांब, त्यांच्या हाती द्या. नावे विसरलेल्या माणसाची बोटेही बोलाइनची (न सरकणाऱ्या फासाची) गाठ अचूक मारतात.

त्यांनी चुकीचे सांगितले तर दुरुस्त करू नका. 'दिल्ली'ला 'म्हैसूर' म्हणाले तर त्या दिवसापुरते ते 'म्हैसूर'च. पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि संध्याकाळऐवजी सकाळी, नाश्त्यानंतर. इंजिनरूममध्ये किंवा तोफांजवळ काम केलेल्यांना बऱ्याचदा ऐकू कमी येते, त्यामुळे विसर वाटतो तो काही वेळा न ऐकल्याचा असतो. पंखा आणि गाणी बंद करा, समोर बसा, ओठ दिसू द्या. ओरडू नका, स्वर खाली ठेवून सावकाश बोला.

प्रश्न : दाबोळीला नौदलाच्या फाटकासमोर फोटो काढून पत्त्यावर घालायचा आहे. (चिखली)

उत्तर : नको. नौदलाच्या हद्दीत आणि फाटकाशी फोटो काढायला मनाई असते. जवळच बोगमाळोच्या वाटेवर नौदल हवाई संग्रहालय आहे, तिथे जुन्या 'विक्रांत'वरून उडणारी सी हॉक आणि आलिझे विमाने उभी आहेत. वडील चालू शकत असतील तर वाढदिवसाच्या आठवडाभर आधी त्यांनाच तिकडे न्या आणि विमानाशेजारी उभे करून फोटो घ्या. आत छायाचित्रणाचे नियम काय आहेत ते तिकिटाच्या खिडकीवर विचारून घ्या. बंदी असलेल्या जागा, चालू जहाजांची शस्त्रे, संकेत यांबद्दलचे प्रश्न खेळात घालू नका. निवृत्त माणूसही त्यावर बोलणार नाही आणि पंचाला गप्प बसावे लागेल.